भिंतीच्या अलीकडे उगवलेली गुलबक्षी

प्रिय पसारा,

तुझं पत्र येऊन आज अठरा दिवस झाले. उत्तराला मी एवढा उशीर कधी लावत नाही. चौथ्या दिवशी पत्र आलं नाही तर फूटपट्टी आजारी आहे असं समजावं, हे तूच सगळ्यांना सांगायचीस. मी आजारी नाही. गुडघा दुखतो, पण तो तू इथे होतीस तेव्हाही दुखायचा. दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा कागद फाडून टाकला. आज रविवार आहे, कामाच्या मावशी यायच्या नाहीत, फोनचा आवाज बंद करून ठेवलाय. सगळं लिहून झाल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवून बसलेय. आधी बागेचं सांगते. तिथून सुरुवात केली तरच मला पुढचं जमेल.

तू लेकीकडे गेल्यावर विकलेलं तुझं घर नव्या मालकांनी पाडलं, हे तिने सांगितलं असेलच. बागेचं मात्र तिने सांगितलं नसणार, आणि मीही आजवरच्या पत्रांत लिहिलं नाही. एका मंगळवारी सकाळी मशीन आलं. चालवणारा मुलगा भला होता, आधी येऊन म्हणाला, "आजी, खिडक्या लावून घ्या, धूळ फार उडेल." मी सगळ्या लावल्या आणि स्वयंपाकघरातली बोटभर उघडी ठेवून बघत राहिले. घर पाडायला त्यांना दोन दिवस लागले. बाग एका सकाळीत संपली. तुझं लिंबाचं झाड, कपडे वाळत घालायचा तो वाकडा खांब, फुटक्या बादल्यांमधली तुझी सगळी लेकरं, सगळं एका बाजूला लोटलं. गुलबक्षीची मुळं बघून मी चकित झाले. रताळ्यांसारखी काळी, जाड, हातहात लांब. इतकी वर्षं ती खाली पोसत होती आणि आपण वर फुलं मोजत होतो. दुपारी ट्रक भरून सगळं गेलं. आता तिथे सपाट जमीन आहे आणि सिमेंटच्या विटांच्या थप्प्या लावल्यात. आपली मधली भिंत हद्दीची म्हणून ठेवली, तेवढीच उरली.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी मावशी माझ्या पालकाच्या वाफ्यातलं गवत काढत होत्या. त्यांनी हाक मारली, "बाई, हे काढू का ठेवू?" मी चष्मा लावून गेले. दोन गोल, जाडसर पानं, लालसर देठ. पुढचं पान यायचं होतं, तरी मी ओळखलं. आयुष्यात दुसरं कुठलं रोप मी इतक्या वेळा उपटलेलं नाही. भिंतीपासून हातभर अंतरावर, पालकाच्या दोन ओळींच्या बरोबर मध्ये उगवलेलं. मी म्हटलं, "काढा." त्यांनी चिमटीत धरलं आणि मी म्हटलं, "थांबा." मग म्हटलं, "बरं, काढा." मग पुन्हा, "राहू दे, मी बघते." मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बाई, तुमचं एक काय ते ठरवा. मला अजून दोन घरची भांडी आहेत." ते रोप ठेवून त्या गेल्या. मी तिथेच पाटावर बसून राहिले, चहा निवून गेला तरी.

तुला हसू येत असेल. यायलाच हवं. तुम्ही राहायला आलात त्या पहिल्या महिन्यातलं आठवतं का? मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. दिवसभर नकाशाच्या कचेरीत बसून दुसऱ्यांनी काढलेल्या हद्दी शाईने गिरवायच्या आणि रेघ चुकली तर ब्लेडने खरवडायची. घरी आल्यावर बागेतही तेच. दोरी ताणून, खुंट्या मारून, फूटपट्टीने अंतर मोजून बी टाकायचं. तू भिंतीवर कोपरं टेकून बघत होतीस. अंगावर हॉस्पिटलचा पांढरा गणवेश, हातात चहाचा कप. मी एक रोप उपटलं तशी म्हणालीस, "अगं, काय आहे ते तरी बघ." मी म्हटलं, "तण आहे." तू विचारलंस, "कशावरून?" मी म्हटलं, "मी लावलेलं नाही." तू इतकी हसलीस की चहा सांडला. "मग मीही तणच की! मलाही तू लावलेलं नाहीस." त्या दिवशी तू मला फूटपट्टी म्हणालीस आणि मी तुझ्या बागेकडे बोट दाखवून तुला पसारा म्हटलं. दोन्ही नावं चिकटली ती चिकटलीच. फूल बघितल्याशिवाय काही उपटायचं नाही, हा तुझा कायदा. आणि रेघेबाहेर उगवेल ते तण, हा माझा. तुझे 'हे', म्हणजे माझे भाऊजी, त्यावर म्हणायचे की दोघींच्या मध्ये भिंत आहे म्हणून बरं, नाहीतर एका बागेत जंगल तरी झालं असतं नाहीतर वाळवंट तरी.

भाऊजींचं फार आठवतं. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, तरी मला ताई म्हणायचे. तुमच्या पुढच्या खोलीत ते दुरुस्तीला आलेले रेडिओ पाठ उघडून बसलेले असायचे आणि कथील वितळल्याचा वास रस्त्यापर्यंत यायचा. माझ्या बाबांनी अंथरूण धरलं तेव्हा आमचा जुना रेडिओ त्यांनी दुरुस्त करून बाबांच्या उशाशी आणून ठेवला आणि बटण अशा बाजूला बसवून दिलं की बाबांच्या चालत्या हाताला ते लागावं. आणि तू. ड्युटी संपवून आलीस की आधी माझ्या घरी. बाबांना कुशीवर वळवायचं कसं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, चादर माणसासकट कशी बदलायची, सगळं तू शिकवलंस. सहा वर्षं. त्या सहा वर्षांत मी एकटी आहे असं मला एकदाही वाटलं नाही, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

आणि मग बाबा गेले त्या दिवसाचं. घरात माणसं भरली होती. तू माझ्या शेजारी बसून माझ्या पाठीवर हात फिरवत होतीस आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, "सुटले गं ते. आणि तूही सुटलीस." तू हे रोज वॉर्डात बघायचीस, तुझ्या तोंडून सहज, मायेने आलं. पण मला ते चाबकासारखं लागलं. कारण पहाटे बाबांचा श्वास थांबला तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट आली होती ती हीच. मी सुटले. ती मी गिळून टाकली होती आणि तू ती सगळ्यांसमोर काढून ठेवलीस. मी तुझा हात झटकला. त्यानंतर तू तीनदा दारात आलीस, तिन्ही वेळा मी काम आहे म्हटलं. तुला वाटलं, हिला बोललेलं आवडलं नाही, होईल शांत. मी शांत झाले नाही. गवंडी बोलावून भिंतीवर विटांचे आणखी थर चढवले, म्हणजे तुझी कोपरं टेकायला नकोत. भिंतीखालचं पाणी जायचं भोक सिमेंटने बुजवलं, कारण तुझ्या गुलबक्षीचं बी पाण्याबरोबर त्यातून माझ्याकडे यायचं. तरी ती उगवायचीच. आधी पडलेलं बी होतं, मुळं होती. शनिवारी अर्धा दिवस असायचा, त्या दुपारी बसून मी एकेक शोधून उपटायची. इतक्या रागाने मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही. चार वर्षं, पसारा. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या दोन बायका चार वर्षं बोलल्या नाहीत, तेही एका खऱ्या वाक्यावरून.

भाऊजी मात्र बोलायचे. त्यांना भिंत कधी लागलीच नाही. ते गेले त्याच्या आठवडाभर आधी मला फाटकाशी गाठून म्हणाले, "ताई, किती दिवस चालवणार हे? ती रोज तुमच्या दाराकडे बघून कामाला जाते. तुम्ही मोठेपणा घ्या ना." मी फाटक लावून आत गेले. मला वाईट वाटलं म्हणून आत गेले, पण त्यांना ते कसं कळणार?

यापुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तू बसून वाच.

तो शनिवार होता. तू दिवसपाळीला होतीस, लेक परीक्षेसाठी मैत्रिणीकडे गेली होती. पाच वाजत आले असतील, कारण तुझ्याकडच्या गुलबक्षीचा वास नुकता यायला लागला होता. मी भिंतीपाशी बसून रोपं उपटत होते, ओच्यात मूठभर जमली होती. पलीकडून भिंतीवर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. पत्र्याचा. टण, टण, टण. मध्ये जरा थांबून पुन्हा दोनदा. आणि मग भाऊजींचा आवाज, "ताई." मोठा नव्हता. पुन्हा एकदा, "ताई", त्याहून बारीक. मला वाटलं, आले पुन्हा समजूत घालायला. आज भिंतीवरून बोलणार, आणि आज कदाचित मला नाही म्हणता यायचं नाही. खरं सांगू? मला बोलायचं होतं. चार वर्षं मला बोलायचं होतं. म्हणूनच मी उठले, ओच्यातली रोपं तिथेच टाकली, आत गेले आणि दार लावून घेतलं. हात धुतले. चहा टाकला. आणि आणखी हाक ऐकू येऊ नये म्हणून रेडिओ लावला, तोच, त्यांनी दुरुस्त केलेला, आणि आवाज वाढवला. तासाभराने बंद केला तेव्हा पलीकडे काही हालचाल नव्हती. मला बरं वाटलं. कंटाळून गेले असतील असं वाटलं. पावणेसातला तू आलीस आणि तुझी किंकाळी ऐकू आली.

तुझ्याकडे धावत आलेली पहिली मी होते. तू तेच धरून बसलीस. भाऊजी भिंतीला टेकून बसलेले, एक चप्पल पायातून निघालेली, पाणी घालायचा पत्र्याचा मग हाताशी पडलेला. डॉक्टर म्हणाले, हृदय जागच्या जागी थांबलं असणार, कळलंही नसेल. तू विचारलंस, "त्रास झाला असेल का हो?" ते म्हणाले, "नाही, एका क्षणात." नर्स म्हणून तू हे वाक्य शेकडो नातेवाईकांना ऐकवलं असशील. त्या दिवशी तू ते नातेवाईकासारखं घट्ट धरून ठेवलंस. तेव्हापासून चौदा वर्षं प्रत्येकाला तेच सांगत आलीस: "एका क्षणात गेले. कुणाला हाक मारायलाही वेळ मिळाला नाही त्यांना." आणि त्यामागोमाग माझं कौतुक. "हिला बघा. चार वर्षं बोलत नव्हती, पण वेळ आली तेव्हा सगळ्यात आधी हीच धावली. माणूस असावं तर असं." मी तुझ्या शेजारी बसून ते ऐकायची आणि चहाचे कप उचलून आत न्यायची.

तेव्हाच का नाही सांगितलं? पहिल्या दिवशी सांगणं शक्य नव्हतं. दहाव्या दिवशी तू पहिल्यांदा दोन घास जेवलीस, तेव्हा सांगवेना. मग महिना झाला, वर्ष झालं. मी विटांचे थर उतरवले, भोक मोकळं केलं, तुझ्या लेकीच्या लग्नात तुझ्यापेक्षा जास्त मीच राबले. तुला वाटलं दुःखाने माझा पीळ उतरला. आपली ही दुसरी मैत्री पहिलीपेक्षा किती गोड झाली, हे तू किती वेळा म्हणालीस. गोड होतीच. मी एक दिवसही नाटक केलं नाही, एवढं खरं मान. पण दर वेळी तुझ्या अंगणात बसल्यावर माझी नजर भिंतीच्या त्या जागेकडे जायची. गुलबक्षी माझ्याकडे यायची ती मी तेव्हाही उपटायचीच, फक्त आता सकाळी लवकर, तुला दिसणार नाही अशी. तू हसायचीस, फूटपट्टी ती फूटपट्टीच म्हणायचीस. रागाचा त्यात आता संबंध नव्हता. मला तो पाच वाजताचा वास माझ्या बाजूला नको होता.

एकदा, भाऊजींना जाऊन सहा-सात वर्षं झाली असतील, मी गुडघ्यासाठी डॉक्टरांकडे गेले होते. दूरच्या नातेवाईकाचं म्हणून सगळं विचारलं. दोन हाका मारण्याइतका वेळ मिळाला असेल, आणि दवाखाना दहा मिनिटांवर असेल, तर? त्यांनी औषधाची चिठ्ठी लिहिता लिहिता सांगितलं, "नक्की काही सांगता येत नाही. काही वाचतात." काही वाचतात. हे दोन शब्द घेऊन मी त्या दिवशी चालत घरी आले, गुडघ्याचं औषध आणायचं राहूनच गेलं.

तर ते रोप. मावशींना मी बघते म्हटलं आणि खरंच बघत राहिले. रोज सकाळी आज काढू म्हणून जायची. तुझी सगळी बाग ट्रकमध्ये गेली, आता हे एकच उरलंय, हे मनात यायचं. मग असंही यायचं की हे नेमकं त्याच जागी उगवलंय, मी ओच्यातली मूठ जिथे टाकून उठले त्या जागी. ते रोज बघत मी जगायचं कसं? तण म्हणावं तर हात उचलत नव्हता. ये बाई, राहा म्हणावं, तर तेवढं माझं तोंड नव्हतं. या गोंधळात ते वाढलं. पालकाची एक ओळ त्याच्या सावलीत पिवळी पडली, ती मी काढून टाकली. पालकाची ओळ काढली, पसारा, आणि तण ठेवलं! कचेरीतल्या कुणी बघितलं असतं तर विश्वास बसला नसता. वाऱ्याने वाकायला लागलं तेव्हा काठी लावून सुतळीने बांधलं. गेल्या महिन्यात, साडेचारच्या पुढे, पहिलं फूल उघडलं. पिवळं, त्यावर लाल शिंतोडे, तुझ्या घरच्या वाणाचंच. मी पाट घेऊन तिथे बसले आणि अंधार पडेपर्यंत बसून राहिले. वास आला. सहन होत नाही असं काही झालं नाही. रडू आलं, ते चौदा वर्षांत पहिल्यांदा आलं, आणि मी ते येऊ दिलं. ते झाड आता राहील. त्याला माझी परवानगी लागत नव्हतीच म्हणा.

आता तुझ्या पत्राचं. तीन पानं तू नातवाबद्दल आणि लेकीच्या नव्या घराबद्दल लिहिलीस, आणि शेवटी, सही करून झाल्यावर, कोपऱ्यात बारीक अक्षरात दोन ओळी: "इथे सगळे प्रेमाने वागतात, पण मी पाहुणीच आहे. तुझी मागची खोली अजून रिकामी असेल तर मला ठेवून घेशील का, अखेरपर्यंत?" हे वाचून मला किती आनंद झाला ते मला लिहिता येणार नाही. त्याच दिवशी कार्डावर "ये" एवढंच लिहिलं. पण टपालपेटीपर्यंत जाऊन परत आले. तू आलीस की आपण संध्याकाळी अंगणात बसणार, आणि एखाद्या दिवशी तू म्हणणार, एका क्षणात गेले, आणि मी मान हलवणार. तू भिंतीपलीकडे होतीस, मग दुसऱ्या गावात गेलीस, तोवर मला ते जमत होतं. एका छपराखाली, तुझ्या हातचं जेवून, तुझ्या आजारपणात तुझी चादर बदलताना, मला ते जमणार नाही. तुझ्याकडे त्यांच्याबद्दलची एकच निवांत गोष्ट होती आणि ती मी आज काढून घेतेय, हे मला कळतंय. मी हे माझं ओझं उतरवण्यासाठी करतेय की तुझ्यासाठी, याचाही अठरा दिवस विचार केला आणि उत्तर मिळालं नाही. पण न सांगता तुला घरात घेतलं असतं, तर ते तुला फसवून आणणं झालं असतं. खोली झाडून ठेवली आहे, पलंग खिडकीकडे सरकवलाय, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घेतली आहे. तू राहायला आलीस तर ती तुझी. नाही आलीस तर त्या खोलीत दुसरं कुणी राहणार नाही, आणि मी लेकीला किंवा तुला कारण विचारणार नाही. एवढंच मागते की, राहायला नाही तरी एकदा ये. जे बोलायचं असेल ते समोर उभी राहून बोल, हवं तितका वेळ, हवं तितक्या मोठ्याने. या वेळी मी उठून आत जाणार नाही.

अजूनही असं लिहू देशील तर, तुझीच
फूटपट्टी